खुर्चीखालचं लाकूड

पोरीला काही रीतभातच नव्हती. भिंतींवर राजाच्या सात पिढ्या टांगलेल्या, छताला सोन्याची वेलबुट्टी, आणि ही जमिनीला गाल लावून पालथी पडलेली! राजवाड्याच्या निळ्या दालनात बोगुमिलाबाई एकोणीस वर्षं राखण करत होत्या. असलं ध्यान त्यांनी पाहिलं नव्हतं.

"ए, ऊठ! ट्रामनं उडवलंय का तुला?"

"नाही बाई, जमीन बघतेय."

"त्यासाठी तिकीट काढलंस? तुझ्या घरी जमीन नाही?"

पोर हसली. नाव यागोदा. तोरुन शहरात जुन्या इमारती दुरुस्त करायचं शिकत होती. पहाटेच्या गाडीनं वॉर्साला आली, दोन संग्रहालयं नि तीन चर्च पालथी घातली, खारवलेल्या काकडीचा पाव चालता चालता खाल्ला आणि दोन वाजता इथं शिरली. राजवाड्यात बुटांवर लोकरीच्या सपाता चढवाव्या लागतात; लोक राजे बघत फिरतात आणि जमीन फुकटात घासून निघते. हिनं त्या सपाता गुडघ्यांना बांधल्या होत्या.

"सरांनी सांगितलंय, मूळ नमुन्यासारखं नाही ते शोधून आणा," ती म्हणाली आणि वहीत चांदणी काढू लागली. दालनाची जमीन म्हणजे ओक आणि अक्रोडाच्या लाकडाच्या चांदण्याच चांदण्या.

बोगुमिलाबाईंनी खुर्ची घट्ट धरली.

खुर्ची भिंतीशी नव्हती, दालनाच्या मधोमध होती. साहेब सांगून थकले, झाडूवाल्या वळसा घालून जात. त्या खुर्चीखालच्या चांदणीत एक तुकडा वेगळ्याच लाकडाचा होता. झेनॉननं, त्यांच्या नवऱ्यानं बसवलेला. तीन वर्षांपूर्वी कुणा शहाण्यानं लिहिलं होतं, हिरव्या दालनातल्या दाराची कडी मूळ नमुन्यासारखी नाही. आठ दिवसांत कडी गेली. तशी या तुकड्याची गत होऊ द्यायची नव्हती.

पोर चांदणीमागून चांदणी काढत खुर्चीपाशी आली.

"बाई, जरा उठता?"

"गुडघे धरलेत."

"मग खुर्चीसकट उचलू?"

"उचल की. कंबर मोडेल तुझी. आमच्या घरच्या सुनांना जमलं नाही, तू कोण!"

यागोदानं हट्ट केला नाही. तिथंच मांडी घालून बसली. खिडकीतून तिरपं ऊन जमिनीवर आलं होतं. तिनं त्यावरून तळवा फिरवला.

"बाई, ही जमीन तासणारा माणूस डावखुरा होता," ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली. "सगळे ओरखडे उलट्या अंगानं गेलेत. आणि शांत होता. चारशे चांदण्या असतील, पण एकीतही घाई नाही."

बोगुमिलाबाईंनी तिच्या तळव्याखालच्या चांदणीकडं पाहिलं. माहिती सांगणारे रोज येत. राजाचं नाव सांगत, नकाशा काढणाऱ्या इटलीकराचं सांगत, लढाईत राजवाडा जाळणाऱ्यांचंही सांगत. ज्यांनी दोन वर्षं गुडघ्यांवर रांगून ही जमीन पुन्हा बसवली, त्यांचं कुणी नाव घेत नसे. जणू भुतांनीच बसवली. डावखुरा. त्या डाव्या हाताबद्दल झेनॉननं लहानपणी आईच्या डावाचे फटके खाल्ले होते. त्याला जाऊन वीस वर्षं झाली, आणि हा शब्द आज बाहेरच्या माणसाच्या तोंडून आला.

त्या उठल्या. खुर्ची स्वतःच मागं ओढली.

"बघ एकदाचं."

पोर वाकली. बोटाच्या पेरानं तो तुकडा चोळला. "हे नासपतीचं लाकूड. जमिनीला कुणी वापरत नाही हे. कुठून आलं?"

"दुसऱ्या दिवशी मंत्री यायचा होता. अक्रोड संपलेला. तेव्हा सरकारी गोदामात खिळासुद्धा मिळत नसे." बाई एवढंच बोलल्या.

यागोदानं तो तुकडा एकदा बाहीनं पुसला. मग उठली, खुर्ची उचलली आणि चारही पाय त्यांच्या त्यांच्या झिजलेल्या खळग्यांत नेमके बसवले.

"बसा, बाई."

वहीतल्या नकाशात एकच चौकोन रिकामा होता. त्यात तिनं खुर्ची काढली. खुर्चीखाली सपातांतले दोन जाडजूड पाय काढले. वही मिटली, तेवढ्यात बंद व्हायची घंटा झाली.

बोगुमिलाबाईंनी वही ओढून घेतली, हात लांब करून न्याहाळली.

"जमिनीच्या नकाशात खुर्ची कोण काढतं गं? नापास होणार तू, लिहून ठेव," त्या ठणकावून म्हणाल्या. "आणि रविवारी जेवायला ये माझ्याकडं. फक्त टेबलावर कोपर टेकू नकोस. लग्नातलं आहे, नासपतीचं. बेचाळीस वर्षं झाली, त्याचा चौथा पाय इथं आहे नि ते तिकडं विटेवर उभं आहे."