शिस्तीतला कंदील

"हा कोड आहे की उकिरडा?" संगणकाच्या देवस्थळी सरांनी माझा कीबोर्ड ओढला. चांदणीची चिन्हं टाइप करून काढलेल्या माझ्या आकाशकंदिलाची वरची ओळ सोडून बाकी सगळ्या त्यांनी टॅब दाबून आत ढकलल्या. "बघ, कशा शिस्तीत बसल्या!"

मी प्रोग्रॅम चालवला. कंदील उजवीकडे सरकला, शेंडा एकटाच डावीकडे लोंबला. सगळी लॅब खिदळली.

"सर, अवतरणचिन्हांतली रिकामी जागापण छापली जाते."

"मला शिकवतेस? असाच सेव्ह कर. उद्या स्पर्धेला हाच जाणार."

अख्खी सुट्टी घातली होती मी त्यात!

"जाऊ दे की हाच, सर. फक्त खाली माझ्याऐवजी तुमचं नाव टाकते," म्हणत मी खरंच टाइप करू लागले.

'देव' एवढंच झालं, तोच सरांनी माझा हात झटकला आणि सगळ्या ओळी होत्या तशा मागे ओढल्या.