खांबामागच्या खुर्च्या

पहिल्या सज्ज्यातला बिडाचा खांब गायब होता. जर्मनीतल्या ल्युबेक शहराच्या त्या जुन्या नाट्यगृहाची डागडुजी संपून आज पुन्हा पडदा उघडत होता, आणि छताला म्हणे आता पोलादी तुळई घातली होती. लोक माना वर करकरून कौतुक करत होते. गेर्लिंडेबाई मात्र खांबाच्या रिकाम्या जागेकडेच बघत राहिल्या.

त्या खांबामागच्या दोन स्वस्त खुर्च्या वर्षानुवर्षं ठरलेल्या. एक बाईंची, दुसरी श्रीयुत क्लासेन यांची. बाईंना रंगमंचाचा डावा अर्धा भाग दिसायचा, क्लासेनना उजवा. मग कुजबुज चालायची.

"तुमच्याकडे कोण आलं हो?"

"नवरा आलाय. स्वारी झोकून आलेली दिसते!"

बाकी बाईंच्या घरी बोलायला भिंतीच. महिन्यातली ही एक संध्याकाळ त्यांना पुरायची.

दिवे मंदावले. सवयीने बाई शेजारी कलल्या. "तुमच्या बाजूला काय चाललंय?"

"अहो, दिसतंय की आता सगळं!" क्लासेननी समोरची नजरसुद्धा हलवली नाही.

खरंच, सगळं दिसत होतं. बाईंना ते बघवेना.

मध्यंतरात त्या तिकीटखिडकीशी जाऊन आल्या आणि धीर करून क्लासेनना म्हणाल्या, "वरच्या सज्ज्यातले खांब तसेच ठेवलेत म्हणे."

"ठेवणारच! वारसा खात्यापुढे कोणाचं चालतं? भिंतीवरच्या चुन्याच्या देवदूताचं तुटकं नाक बसवायचं तरी अर्ज करा!" क्लासेन हसले. "आपला तेवढा खांब काढू दिला, सुटलो बघा."

"तिथे दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. शेजारशेजारच्या. मी विचारून आले."

"असणारच. कोण शहाणा बसेल तिथे?"

घंटा वाजली. क्लासेन लगबगीने आत गेले. ते मागे वळून बघतील म्हणून बाई क्षणभर दारात थांबल्या. मग एकट्याच जिना चढून वर गेल्या.

खांबामागे त्या बसल्या. पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवणार होत्या, पण ती मांडीवरच घेतली.

उजवीकडे रंगमंचावर काहीतरी घडलं आणि सगळं नाट्यगृह खो खो हसलं. काय झालं ते बाईंना दिसलं नाही. खालून आलेल्या त्या हसण्यात क्लासेन यांचं हसू मात्र त्यांनी बरोबर ओळखलं.