टाकीखालचा तुकडा

“टाकीखालचं मी बघतो, काका. तुम्ही वायरिंग करा.”

मेकॅनिकने आज हे तिसऱ्यांदा म्हटलं. तारमास्तरांनी हातातला पान्हा खाली ठेवला. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आता फक्त रंगेहाथ पकडायचं राहिलं होतं.

मागच्या खोलीत दोन लाकडी ठोकळ्यांवर मोटारसायकल उभी होती. आठ महिन्यांपूर्वी ती चालता चालता पेटली. चालवणारा तारमास्तरांचा एकुलता एक मुलगा. दोन दिवस दवाखान्यात काढले त्याने, तिसऱ्या दिवशी गेला. पेट्रोल गळून तापलेल्या इंजिनावर पडलं, एवढंच चौकशीत निघालं. का गळलं, ते कुणी सांगितलं नाही. मग तारमास्तरांनीच ठरवून टाकलं. आदल्याच आठवड्यात गाडी या मेकॅनिककडे सर्व्हिसिंगला होती. दुसरं कोण असणार?

बरं, मनात ठेवावं, तर तेही नाही. गल्लीत, बाजारात, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या, भेटेल त्याला सांगत सुटले. मेकॅनिकवर गॅरेजात माशा मारायची वेळ आली. त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. चौकीच्या आवारातून जळकी गाडी टेम्पोत घालून तोच घेऊन आला आणि म्हणाला, “काका, हिला पुन्हा उभी करायची असेल, तर मी दर रविवारी येत जाईन.”

तारमास्तर हो म्हणाले. असा माणूस डोळ्यांसमोर असलेला बरा. कारण गाडी टेम्पोतून उतरली तेव्हाच त्यांनी पाहिलं होतं, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक जागेवर नव्हता. टाकीतलं पेट्रोल पाइपात सोडतो तो कॉक. जिथून गळलं असणार, नेमका तोच तुकडा गायब!

“वाटेत पडला असेल,” मेकॅनिक तेव्हा म्हणाला होता. जमिनीकडे बघत.

गाडी मुळात तारमास्तरांचीच. पंधरा वर्षं त्यांनी चालवली, गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा किल्ली मुलाच्या हातात ठेवली. “हिला ओरखडा जरी आला, तरी घरात घेणार नाही तुला,” असं म्हणाले होते. हसत म्हणाले होते. पण आता ते आठवलं की ताट बाजूला सारत. दुःखाला धरायला काही नव्हतं. रागाला निदान मेकॅनिक होता.

काम मात्र दोघं जीव ओतून करत. जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तांब्याची तार भरण्यात तारमास्तरांची हयात गेली, नाव पडलं ते त्यामुळेच. गाडीची जळकी कॉइल त्यांनी स्वतः भरली. मेकॅनिकने स्पोक एकेक करून घासले. काजळीखालून टाकीचा निळा रंग दिसला, तेव्हा दोघंही आळीपाळीने तो पुसत राहिले.

काकू चहाची किटली घेऊन आल्या. “जपून धर रे. कान तारेने बांधलाय. या घरात चष्मा तारेवर, झाडू तारेवर, छत्री तारेवर. मीच काय ती सुटी फिरतेय!”

“सात वेढे आणि टोक आत,” तारमास्तर म्हणाले. “चाळीस वर्षांत कुणाच्या बोटाला टोचलेलं नाही. बाजारातलं काय टिकतंय!”

काकू हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग एकाएकी डोळे भरून आले, तशा आत निघून गेल्या.

मेकॅनिक हसला नाही. किटलीकडेच बघत राहिला. हसेल कशाला, तारमास्तरांच्या मनात आलं, आतून खातंय त्याला.

“खरं सांग,” ते म्हणाले. “सर्व्हिसिंगला आली तेव्हा पाइप बघितला होतास?”

“बघितला होता.”

“मग?”

“पाइप आवळायला नवी क्लिप बसवतो म्हटलं. तो नको म्हणाला.”

“का नको?”

मेकॅनिकने कप खाली ठेवला. “विचारलं नाही मी.”

“गेलेल्या पोरावर ढकलतोस? लाज वाटत नाही?”

“माझ्यावर ढकला ना, काका. मी कधी नाही म्हटलंय?”

शेवटच्या रविवारी गाडी जवळजवळ तयार होती. नवा कॉक बसला, नवा पाइप बसला. मेकॅनिक कॅन घेऊन पेट्रोल आणायला गेला. त्याची हत्यारांची पेटी उघडीच राहिली.

तारमास्तरांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि पेटीत हात घातला. पान्हे, पक्कड, पॉलिश पेपर. अगदी तळाशी, जुन्या बनियनच्या चिंधीत बांधलेलं काहीतरी जड लागलं. त्यांनी गाठ सोडली.

जळका कॉक!

“अगं, इकडे ये लवकर!” ते ओरडले. आवाज फाटला. “सापडला! सांगत होतो ना मी? यानेच लपवलाय!”

काकू धावत आल्या. त्यांच्यामागून मेकॅनिकही दारात येऊन उभा राहिला, हातात भरलेला कॅन.

“काका, ते ठेवा,” तो कळवळून म्हणाला. “माझंच चुकलं म्हणतो मी. कुठे लिहून देऊ सांगा. पण ते बघू नका.”

“आता बघू नका काय? काय रद्दी क्लिप लावली होतीस, ती सगळ्या गावाला दाखवणार मी!”

ते कॉक घेऊन खिडकीच्या उजेडात गेले.

क्लिप नव्हतीच. कॉकच्या नळीवर क्लिपच्या जागी तार गुंडाळलेली होती, काजळीने काळी झालेली. तारमास्तरांनी ती अंगठ्याने घासली. खालून तांबं दिसलं. त्यांनी वेढे मोजले. सात. पुन्हा मोजले. मग सगळ्या बाजूंनी बोट फिरवून पाहिलं, पण टोक कुठेच हाताला लागलं नाही.