सर्वांत मोठा पूर

"माणसानं पुराला कायमचं हरवलंय!" असं भास्करराव खातूंनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, तेव्हा टेबल तरंगू लागलं होतं.

खाडीकाठच्या त्या आळीतली काही घरं आता यंत्रावर उभी होती. आजवरच्या सगळ्या पुरांहून मोठा पूर आला, की घर दोन मजले वर उचललं जाई. मोजपट्ट्या दर पावसाळ्यात वाहून जात, म्हणून यंत्र हवामानप्रेमी मंडळाच्या दोघा जुन्या सभासदांना, खातूंना आणि आंब्रेमास्तरांना, विचारी. घर उचलायला दोघांचं एकमत लागे.

"हा पूर सर्वांत मोठा आहे का?" भिंतीतून यंत्रानं विचारलं.

"छे! अठ्ठावन्नला देवळाच्या घंटेत मासे सापडले होते," खातू सवयीनं म्हणाले.

"एकसष्टच्या पुरापुढे ते डबकं हो," खुर्चीवर चढलेले आंब्रेमास्तर म्हणाले.

"एकमत नाही," यंत्र म्हणालं.

फ्रिज आडवा झाला. खातूंच्या पोटरीला काहीतरी वळवळत घासून गेलं. पाणी पलंगाला टेकलं, आणि पलंगावर त्यांच्या पत्नी मालतीबाई होत्या, पायाला प्लास्टर घातलेल्या.

"अहो, बुडतेय मी! आंब्रेभावजी, तुम्ही तरी बोला!"

खातूंचे दात वाजत होते. "हा... हाच मोठा."

आंब्रेमास्तरांनी डोळे मिटले. "हाच."

घर करकरलं, कललं आणि वर निघालं. खाली शेजारची कौलं काळ्या पाण्यात गेली. मालतीबाई पलंगाची कड धरून रडत होत्या.

आंब्रेमास्तर भिंतीला तोंड लावून कुजबुजले, "एकसष्टपेक्षा जरासाच मोठा, असं नोंदीत लिहाल का?"