गार न पडणारा ढीग

काकू गेल्यापासून शेजारच्या काकांनी घरामागच्या भाजीत जीव रमवला. वांग्यांच्या मुळांना किडीनं गाठी धरल्या, तेव्हा मीच त्यांना उपाय सांगितला. रोपं माझ्याच रोपवाटिकेतली, म्हणजे नाव माझंच खराब व्हायचं!

"झेंडूची झाडं आणि मोहरीचा पाला एकत्र कुजवा, काका. ते खत मातीत मिसळलं की कीड आटोक्यात येते. फक्त ढीग पूर्ण गार पडू द्या, गरम खतानं मुळं भाजतात."

परवा बघायला गेले तर निम्म्या वांग्यांनी माना टाकलेल्या, आणि काका ढिगात कोपरापर्यंत हात घालून निवांत बसलेले.

"अजून गार नाही गं पडला," ते म्हणाले.

मी वरचा थर उकरला. खाली काळंभोर, भुसभुशीत खत केव्हाच तयार झालं होतं. वर मात्र आजच तोडलेला हिरवागार पाला.

"अहो, रोज नवा पाला घातल्यावर ढीग तापतच राहणार ना! इकडे वांगी चालली हातची. एवढं सांगून तुमचं आपलं तेच!"

काका ओशाळले. वांग्यांकडे बघून म्हणाले, "कळतं गं मला."

मग थोडं सरकून त्यांनी मला जागा करून दिली. "हात घालून बघ."

मी घातला.


"नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या अंथरुणासारखं लागतं की नाही?"