दोन चष्म्यांची साक्ष

"ही माझी भाची, शाल्मली. कन्नडचं मराठी असं करते की बघत राहाल!" मंगल कार्यालयात भास्करमामा आता तिसऱ्या पाहुण्यांना सांगत होते.

पाहुण्यांनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. समोरचा माणूस आपल्या कोणत्या कामाचा, ते चष्मा त्याच्या डोक्यावर उमटवायचा.

"मला तर 'हिशेबनीस' दिसतंय," पाहुणे म्हणाले.

त्यांच्या बायकोला 'शिवणकाम' दिसलं. दोन चष्म्यांत एकच शब्द आल्याशिवाय कोणी कुणाला काम देत नसे. दोघं कसनुसं हसून पुढे गेली.

शाल्मलीच्या डोक्यावर प्रत्येक चष्म्यात वेगळाच शब्द उमटायचा. ही सगळी कामं तिला येत होती, आणि म्हणूनच ती वर्षभर घरी बसून होती.

तेवढ्यात वीज गेली. जनरेटरही चालू होईना. गोरज मुहूर्त टळायची वेळ आली, तसे अंधारातले सगळे चष्मे तिच्याकडे वळले. प्रत्येकात एकच शब्द होता.

तिनं पदर खोचला. थोड्याच वेळात दिवे लागले आणि कार्यालयाच्या मालकांनी तिथल्या तिथे तिला नोकरीवर घेतलं. इतक्या चष्म्यांची साक्ष पडली की तो शब्द कायमचा व्हायचा, मग कुणालाच दुसरा दिसत नसे.

"सुटलीस बाई एकदाची!" मामांचे डोळे भरून आले.

"मामा, तुमच्या त्या कन्नड कागदांचं मराठी उद्या पुरं करते हं."

मामांनी चष्मा पुसून तिच्या डोक्यावरचा 'जनरेटर' पुन्हा वाचला.

"राहू दे गं," ते हळूच म्हणाले, "ते कुणा जाणकाराकडे देतो."