तीन डबे

"घरात सगळे एकच खातात, मॅडम," गोकुळनं सांगून टाकलं.

प्रश्न त्याच्या बायकोला, वंदनाला होता. तुम्ही रोज काय खाता, एवढाच. पण सोनाळ्याहून खामगावच्या या दवाखान्यात येऊन बसल्यापासून एकही प्रश्न तिच्यापर्यंत पोचला नव्हता. दुखणं कधीपासून? नवऱ्यानं सांगितलं. सकाळी बोटं किती वेळ आखडतात? तेही त्यानंच सांगितलं, आणि चुकीचं सांगितलं. म्हणे अर्धा तास. म्हशीला पाणी दाखवून, झाडलोट करून, भाकरी थापून होईपर्यंत दोन तास तिची बोटं मुठीत वळत नसत. हे त्याला कळणार कसं? तेव्हा तो घोरत पडलेला असायचा.

डॉक्टरबाईंनी रक्ताचे कागद बाजूला सारले. सांधे आतून सुजवणारा संधिवात होता, यात आता शंका उरली नव्हती.

"गोळ्या सोडायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "हा आजार बायकांना जास्त होतो. नुसत्या खाण्यानं होत नाही आणि नुसत्या खाण्यानं जातही नाही. पण भाजीपाला, फळं, डाळी, मासे नीट खाणाऱ्या बायकांमध्ये धोका थोडा कमी दिसतो. आईला असला की मुलीचा धोका वाढतो. म्हणून खाण्याचं विचारते आहे. आणि बाईंना विचारते आहे."

शेवटचं वाक्य त्यांनी गोकुळकडे बघून म्हटलं. तो खुर्चीत जरा सरकून बसला. अकरावीतली त्यांची मुलगी प्रतीक्षा भिंतीजवळच्या स्टुलावर होती, मांडीवर जेवणाची पिशवी घेऊन.

वंदनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकच खातात? लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूनं, विमलबाईंनी तिला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं होतं, "कढईले लागलेलं फेकाचं नसते बाप्पा. ते घरच्या बाईचं असते." तेव्हापासून एकोणीस वर्षं ती कढई पुसून खात होती. आधी पुरुष जेवायचे, मग सासू, मग ती. भाजी संपलेली असायची, रस्सा उरलेला असायचा. कालची भाकर चुरून, तिखट-हळद लावून परतायची, त्याचे कुटके व्हायचे. ते तिचे. बागेत संत्र्यांची रास पडली की निवडायला तीच बसायची. चांगली फळं बाजारात, मधली घरच्या माणसांना, आणि डागी, नरम पडलेली तिच्या पदरात. सासूचं ते वाक्य आठवलं की अजूनही तिच्या हातातलं भांडं आपटायचं. घरात तिच्यासाठी थांबायची ती एकटी प्रतीक्षा. बाप आणि भाऊ जेवून उठले तरी पोरगी आईआधी घास घ्यायची नाही. वंदना हे चारचौघींत कौतुकानं सांगायची.

"एकच खातात?" ती म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "तुमी जेऊन उठल्यावर मांगं वळून पाह्यलं काय कधी, मी काय खातो ते?"

"आता हे इथं काढतं काय?" गोकुळ दबक्या आवाजात म्हणाला.

"हाव, इथंच काढतो. घरी कोन ऐकते माहं?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "दुपारचा डबा आणला असेल ना? दाखवा मला."

वंदनाला हवंच होतं ते. तिनं पिशवी ओढून घेतली आणि तीन डबे टेबलावर मांडले. झाकण तिच्या बोटांनी निघेना. सुजलेली बोटं काठावरून घसरत राहिली, आणि त्याचाही राग तिला नवऱ्याचाच आला. शेवटी प्रतीक्षा उठून मदतीला आली.

पहिला डबा गोकुळचा. त्यात ताज्या भाकरी, मेथीची भाजी, दह्याची छोटी डबी, वर सोललेलं संत्रं. गोकुळनं मान खाली घातली.

दुसरा वंदनाचा. त्यात कुटके. नुसते कुटके, कोपऱ्यात मिरचीचा ठेचा.

"पाहा," वंदना म्हणाली. "हे एकच हाय काय? सांगा आता म्याडमले, हे एकच हाय काय?"

गोकुळनं आपल्या डब्यावर हळूच परत झाकण ठेवलं. वंदनाला ते बघून फार बरं वाटलं. अजून बोलायचं होतं तिला. म्हशीच्या दुधाचं बोलायचं होतं, बाळंतपणातल्या खाण्याचं बोलायचं होतं.

तिसरा डबा उघडायला कोणी सांगितलं नव्हतं. प्रतीक्षानं तो आपण होऊन उघडला. आई खरं बोलते आहे, हे तिला सांगायचं होतं.

"माह्या डब्यात बी कुटकेच हायेत, म्याडम," ती म्हणाली. "आमाले दोघींले रोज हेच असते."

डॉक्टरबाईंनी डब्यात वाकून बघितलं. मग पोरीच्या काडीसारख्या मनगटाकडे बघितलं, आणि मग हळू आवाजात विचारलं, "डबे भरले कोणी?"

गोकुळनं तोंड उघडलं, आणि मिटलं. हा प्रश्न मात्र त्यानं वंदनाला सोडला.

"मी," ती म्हणाली.